मोटारीच्या रोगणावरील सूक्ष्म ओरखडे व त्यांचें निवारण

नवी मोटार घरीं येते त्या दिवशीं आरशांत पाहावें तसें आपलें तोंड तिच्या अंगावर दिसतें. पुढें वर्ष-दोन वर्षें लोटतात. कोठें धडक बसलेली नसते, कोठें पोचा आलेला नसतो, गाडी रोज सकाळीं नियमानें पुसलीही जात असते. आणि तरीसुद्धां एके दिवशीं दुपारच्या उन्हांत पाहावें तों त्या काळ्या किंवा गडद निळ्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारखीं असंख्य बारीक वर्तुळें चमकूं लागलेलीं दिसतात. गाडी सावलींत नेली कीं तीं नाहींशीं होतात. उन्हांत आणली कीं पुन्हां हजर! गाड्यांना झिलई देणारे कारागीर ह्यांस 'स्वर्ल' म्हणतात. रोगणच हलक्या प्रतीचें निघालें, अशी मालकाची समजूत होते. कोणी उन्हास दोष देतो, कोणी पावसास. आमच्या मतें दोष बहुधा ह्यांपैकीं कोणाचाच नसतो. ज्या फडक्यानें गाडी रोज पुसली जाते, त्या फडक्यानेंच हें जाळें विणलेलें असतें. तें कसें विणलें जातें, तें घालवितां येतें कीं नाहीं, आणि घालवितांना आपण नेमकें काय खर्च करितों, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय मोटारीचा असला तरी त्यांत पदार्थविज्ञानाचा भाग पुष्कळ आहे. आणि ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं मोटार नाहीं, त्यांनाही पहिला प्रयोग स्वयंपाकघरांतील ताटावर करितां येण्याजोगा आहे.

प्रथम त्या वर्तुळांविषयीं. वस्तुतः तीं वर्तुळें नव्हेतच. रोजच्या वापरांतलें, घासणीनें घासून घासून जुनें झालेलें स्टीलचें ताट घ्यावें, खोलींत अंधार करावा, आणि एक लहान विजेरी हातांत धरून तिचें प्रतिबिंब ताटांत पाहावें. प्रतिबिंबाभोंवतीं बारीक रेषांचें एक गोल वलय दिसेल. आतां विजेरी हळूहळू डावीकडे न्यावी. वलयही तिच्या मागोमाग डावीकडे सरकतें. ओरखडे खरोखरच वर्तुळाकार असते, तर ते आपली जागा सोडून असे चालूं लागले नसते. ह्यांतील मर्म असें आहे कीं, ओरखडा म्हणजे एक अतिसूक्ष्म चर होय. चराच्या बाजू उतरत्या असल्यामुळें त्यावर पडलेला प्रकाश चराच्या लांबीस आडवा असा पसरतो. अर्थात् ज्या ओरखड्यांची दिशा दिव्याच्या प्रतिबिंबाकडे जाणाऱ्या रेषेशीं काटकोन करिते, तेवढ्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो. बाकीचे तेथेंच असूनही दिसत नाहींत. अशा काटकोनांतल्या तुकड्यांची एका बिंदूभोंवतीं चोहोंकडून मांडणी झाली कीं वर्तुळ बनतें. पावसाळ्यांत रात्रीं रस्त्यावरचा दिवा झाडाच्या ओल्या फांद्यांआडून पाहिला, तर फांद्यांचेंही असेंच घरटें दिव्याभोंवतीं विणलेलें दिसतें. झाडानें कांहीं आपल्या फांद्या दिव्याच्या सोयीसाठीं गोल वाढविलेल्या नसतात!

एवढें ध्यानांत आलें म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. आभाळ भरलेलें असतां प्रकाश सर्व बाजूंनीं सारखाच येतो, त्यामुळें एखाद-दुसऱ्या चराची चमक उठून दिसत नाहीं. सूर्य किंवा लहान प्रखर दिवा समोर असला म्हणजे मात्र ती लपत नाहीं. लांबलचक दिव्यांच्या पसरट उजेडांत गाडी चकचकीत दिसली तेवढ्यावरून ती निर्दोष आहे, असें मानूं नये. पांढऱ्या गाडीवर ओरखडे कमी पडतात, हीही समजूत खरी नाहीं. ते तितकेच पडतात. परंतु पांढरा रंग स्वतःच पुष्कळ प्रकाश सर्व दिशांना परतवीत असल्यामुळें त्या उजेडांत ओरखड्याची चमक बुडून जाते. काळा रंग बहुतेक सगळा प्रकाश गिळतो, आणि मग त्या काळोखांत प्रत्येक चर तारेसारखा उजळतो. काळी मोटार घेणाऱ्यानें ही गोष्ट आधींच समजून घ्यावी.

आतां हे चर कशांत पडतात तें पाहूं. मोटारीचा पोलादी पत्रा साधारणपणें ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो. त्यावर गंज येऊं नये म्हणून विजेच्या साहाय्यानें बसविलेला पहिला थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग असलेला बेस कोट, आणि सर्वांच्या वर क्लिअर कोट म्हणजे पूर्ण पारदर्शक असा लेप, अशी ही रचना आहे. हे सर्व थर मिळून कारखान्यांतून निघालेल्या गाडीवर बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लिहावयाचा साधा कागद सुमारें १०० मायक्रॉन जाड असतो. तेव्हां ज्याला आपण मोटारीचें रोगण म्हणतों, तें सगळें मिळून एका किंवा फार तर दीड कागदाएवढें आहे. त्यांतला पारदर्शक लेप सुमारें ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केंसाहूनही पातळ. आपणांस दिसणारी सारी चकाकी ह्या लेपाची आहे, खालच्या रंगाला ऊन-पावसापासून राखतो तोही हाच, आणि सूर्याचे अतिनील किरण शोषून घेणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात तींही ह्याच्यांत.

पूर्वीची व्यवस्था निराळी होती. मोटारी नव्यानें निघाल्या त्या काळीं घोडागाडीस लावावयाचेंच रोगण कुंच्यानें थरावर थर देऊन लावीत, आणि तें वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनीनें ड्यूको नांवाचें झटपट वाळणारें रोगण काढलें, व १९२४ च्या ओकलंड मोटारींवर तें निळ्या रंगांत झळकलें. तें घासून घासूनच चकचकीत करावें लागे. त्या पद्धतींत रंग आणि चकाकी दोन्ही एकाच थरांत असत. ज्यांच्या घरीं जुनी पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर होती, त्यांना पॉलिश करितांना फडक्याला गाडीचाच रंग लागत असे, हें आठवत असेल. १९८० नंतर पारदर्शक लेपाची रीत सर्वत्र पसरली. म्हणून हल्लींच्या गाडीस झिलई देतांना जर फडक्यावर गाडीचा रंग उतरूं लागला, तर तत्काळ हात थांबवावा. पारदर्शक लेप संपून आपण खालच्या रंगापर्यंत पोहोंचलों, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. आणि तेथून पुढें पॉलिशाचा उपाय नाहीं, पुन्हां रंग देण्याचाच आहे.

हा लेप शेवटीं प्लास्टिकच्याच जातीचा असल्यामुळें वाळूच्या मानानें फारच मऊ आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याकरितां फ्रीड्रिख मोह्स ह्या विद्वानानें १८१२ सालीं एक ते दहा अशी श्रेणी ठरविली. तींत संगजिऱ्याचा क्रमांक १, हिऱ्याचा १०, आणि गारगोटीचा ७ आहे. वाळूचे कण बहुशः गारगोटीचेच असतात. दख्खनच्या काळ्या दगडांत गारगोटी फारशी नसते खरी, परंतु त्यांतील मुख्य खनिजेंही ६ च्या आसपास आहेत, आणि खडी फोडणाऱ्या यंत्रापासून बांधकामापर्यंत त्याची भुकटी आपल्याकडे सर्वत्र उडत असते. अशी धूळ गाडीवर बसली म्हणून ओरखडा पडत नाहीं. ती कोरड्या फडक्याखालीं सांपडून फरफटत गेली म्हणजे पडतो. येथेंच सर्व घोंटाळा आहे. आपण धुळीस शत्रु समजून रोज सकाळीं तिच्यावर फडकें घेऊन धांवतों, आणि जें काम तिला एकटीस कधीं करितां आलें नसतें, तें आपल्या हाताचा जोर देऊन तिच्याकडून करून घेतों.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या इमारतींत पहाटे अंधारांतच गाड्या पुसणारा एक माणूस येतो. एक बादली, एक-दोन फडकीं, आणि पुसावयाच्या गाड्या ओळीनें कितीतरी. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलींतलें पाणी गढूळ होतें, व पुढच्या प्रत्येक गाडीस मागच्या गाड्यांची वाळू मिळत जाते. आपल्या गाडीची झिलई गेली कीं मालक ह्या माणसावर उखडतात. आम्हांस हें न्याय्य वाटत नाहीं. इतक्या अल्प वेळांत, इतक्या अल्प पाण्यांत, इतक्या अल्प वेतनावर त्यानें दुसरें काय करावें? पालकांस आमची विनंति अशी कीं, त्यास रोज फक्त कांचा पुसावयास सांगावें. अंगावरची धूळ तशीच राहूं द्यावी. आणि आठवड्यांतून एकदां स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्या व आपल्या घरचीं धुतलेलीं फडकीं देऊन गाडी नीट धुवून घ्यावी. काम कमी झालें म्हणून त्याचा पगार मात्र कापूं नये.

ओरखडे एकदां पडले म्हणजे ते घालविण्याच्या दोनच तऱ्हा आहेत. एक, चर भरून काढणें. दुसरी, चराभोंवतालची जमीन चराच्या तळापर्यंत खालीं आणणें. तिसरी तऱ्हा नाहीं. भरून काढण्याचें काम मेण, तेल किंवा तत्सम द्रव्यें करितात. चर बुजला कीं प्रकाश पसरत नाहीं व गाडी सुंदर दिसते. परंतु दोन-चार धुण्यांत तें द्रव्य निघून जातें आणि जाळें जसेंच्या तसें परत येतें. सणावाराला गाडी तेवढ्यापुरती बरी दिसावी इतकीच इच्छा असेल, तर ह्यांत वाईट कांहीं नाहीं, उलट गाडीचें नुकसान मुळींच होत नाहीं. मात्र कोणी हेंच करून 'ओरखडे कायमचे काढले' असें म्हणून पैसे मागूं लागला, तर ती फसवणूक होय.

खरें पॉलिश म्हणजे दुसरी तऱ्हा. झिलई देणें म्हणजे वस्तूवर कांहींतरी चढविणें, असा आपल्या सर्वांचाच ग्रह असतो. ती चढविणें नसून उतरविणें आहे. आयझॅक न्यूटननें १७०४ च्या आपल्या 'ऑप्टिक्स' ग्रंथांत कांचेस झिलई कशी येते ह्याचा विचार करितांना हेंच सांगितलें आहे कीं, झिलई देणारी पूड कितीही बारीक असली तरी ती कांचेस ओरखडण्याशिवाय दुसरें कांहीं करीत नाहीं. ओरखडे इतके लहान होतात कीं ते डोळ्यांस दिसेनासे होतात, एवढेंच. सहाणेवर चंदनाचें खोड उगाळावें, तसें पॉलिश करणारा त्या पारदर्शक लेपास उगाळीत असतो. पॉलिशाच्या द्रव्यांत बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची अत्यंत बारीक पूड असते. हें द्रव्य कुरुंदाच्या जातीचें, मोह्सच्या श्रेणींत ९, म्हणजे वाळूहूनही कठीण. मग वाळू गाडी खराब करिते आणि ही पूड सुधारते, हें कसें? कण सारखे, अतिलहान आणि तेलकट द्रवांत मिसळलेले, त्यांच्यामागें मऊ गादी, आणि दाब सर्वत्र समान. म्हणून प्रत्येक कण जो ओरखडा पाडतो तो प्रकाशास पसरविण्याइतका खोल नसतो. ओरखड्यास ओरखड्यानेंच पुसावयाचें, अशी ही युक्ति आहे.

किती उगाळलें जातें, ह्याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं करून पाहावा. मोटारीचा बाहेरचा रंगविलेला पृष्ठभाग १० चौरस मीटर धरला, तर १ मायक्रॉन जाडीचा थर म्हणजे १० घन सेंटिमीटर, अर्थात् चहाचे दोन चमचे. गाडीवरील सबंध ४० मायक्रॉनचा पारदर्शक लेप गोळा केला तर ४०० घन सेंटिमीटर होईल. अर्ध्या लिटरच्या बाटलींत तो सहज मावेल. मोटारीच्या साऱ्या सौंदर्याचें भांडवल तें एवढेंच. सौम्य पॉलिशानें साधारणतः एक-दोन मायक्रॉन जातात; जाड पुडीचें कंपाउंड आणि लोकरीची गादी असेल तर तीन, पांच, क्वचित् अधिकही. समजा, एखाद्या गृहस्थानें दर दिवाळीस तीन मायक्रॉन जातील असें 'रबिंग' करविलें. चार दिवाळ्यांत बारा मायक्रॉन, म्हणजे लेपाचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपला. गाडी त्या चारही दिवाळ्यांस उत्तम दिसली असेल. पुढें कांहीं वर्षांनीं टपावर आणि बॉनेटवर लेपाचे पापुद्रे सुटूं लागले म्हणजे त्या उत्तमपणाची किंमत कळते. आम्ही पॉलिशाच्या विरुद्ध नाहीं. गाडीच्या सबंध आयुष्यांत तें एकदां किंवा दोनदां, नीट आणि सौम्य व्हावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

हात घालण्यापूर्वीं ओरखडा किती खोल आहे तें पाहावें. नख त्यावरून आडवें फिरविलें असतां अडकलें, तर तो पॉलिशानें निघण्यापलीकडचा आहे, असा कारागिरांचा ठोकताळा आहे आणि तो पुष्कळ अंशीं विश्वसनीय आहे. किल्लीनें पाडलेली रेघ बहुधा ह्या वर्गांत मोडते. तिच्या पाठीस लागून भोंवतालचा लेप झिजवूं नये. रेघ राहूं द्यावी. फडक्यानें विणलेलें जाळें मात्र बहुधा अगदीं वरवरचें असतें.

प्रथम गाडी सावलींत धुवावी. वाऱ्यानें आलेली वाळू पाण्याच्या धारेनें जाऊं द्यावी, मगच हात लावावा. धुवून वाळलेल्या गाडीवरून पातळ प्लास्टिकच्या पिशवींत हात घालून हलकेच फिरवावा. उघड्या हातास न जाणवणारा खरखरीतपणा पिशवींतून स्पष्ट जाणवतो. हा खरखरीतपणा म्हणजे रोगणांत रुतलेले लोखंडाचे कण, डांबराचे थेंब, झाडाचा चीक. तो काढण्यास क्ले म्हणून एक मऊ, मळलेल्या कणकेसारखा गोळा मिळतो. साबणाच्या पाण्यानें पृष्ठभाग निसरडा करून तो हलक्या हातानें फिरवावा. हें न करितां पॉलिश सुरू केलें, तर रुतलेले कण सुटून गादीखालीं येतात, आणि जाळें घालवावयास बसलेला मनुष्य नवें जाळें विणीत बसतो. नंतर दारांच्या कडा, रबराच्या पट्ट्या व अक्षरें ह्यांवर कागदी चिकटपट्टी लावावी. कडांवर लेप मुळांतच पातळ बसलेला असतो आणि गादीचा दाब तेथेंच एकवटतो. गाड्या खराब होतात त्या बहुधा कडांवरच.

ह्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि घाईच्या कारागिरांकडून बहुधा हीच टाळली जाते. सबंध गाडीस हात घालण्यापूर्वीं बॉनेटवर वीतभर चौरस जागा निवडावी. तिच्यावर सर्वांत मऊ गादी व सर्वांत सौम्य पॉलिश ह्यांनीं काम करावें, पुसावें, आणि दिवा धरून पाहावें. जाळें गेलें असेल तर काम झालें. त्याहून तीव्र द्रव्य हातीं धरण्याचें कारण नाहीं. नसेल गेलें तरच एक पायरी वर चढावें, व पुन्हां पाहावें. एका कंपनीच्या गाडीचा लेप कठीण असतो, दुसरीचा मऊ. एकीस जें औषध लागूं पडलें तें दुसरीस पडेलच असें नाहीं. वैद्य जसा थोड्या मात्रेपासून आरंभ करितो, तसाच हा प्रकार आहे.

यंत्राविषयीं दोन शब्द. पूर्वीपासून चालत आलेलें रोटरी यंत्र गादीस एकाच आंसाभोंवतीं गरगर फिरवितें. तें जोरदार असतें, परंतु एके ठिकाणीं क्षणभर अधिक थांबलें तर तेथें उष्णता सांचते. लेप उष्णतेचा चांगला वाहक नसल्यामुळें ती लवकर पसरत नाहीं, आणि रोगण मऊ पडून जळतें. अननुभवी हातांत तें गाडीवर लांब लांब कमानीसारख्या छटा उठवितें. त्यांस होलोग्राम म्हणतात, व उन्हांत गाडीभोंवतीं फिरतांना त्या आपल्याबरोबर फिरतात. दुसरें, ड्युअल ॲक्शन यंत्र. पृथ्वी जशी स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां सूर्याभोंवतींही फिरते, तशी ह्या यंत्राची गादी दोन गतींनीं फिरते. त्यामुळें पुडीचे कण कोणत्याही एका दिशेनें ओढले जात नाहींत. आणि ह्या जातीच्या बऱ्याच यंत्रांत गादी कोठें अडली तर तिचें स्वतःभोंवतीं फिरणें थांबतें, म्हणून कडा जळण्याचें भय पुष्कळ कमी. शिकाऊ मनुष्यानें हेंच वापरावें. हातानें पॉलिश करणें अशक्य नाहीं. परंतु बोटांचा दाब सारखा नसतो, आणि एका दारावरच खांदे भरून येतात. दाराच्या मुठीखालच्या नखांच्या खुणांसारख्या लहान जागेस हात बरा.

गादीवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब द्यावे. अधिक द्रव्यानें काम अधिक होतें ही कल्पना चुकीची आहे, गादी बुळबुळीत होऊन नुसती घसरत राहते. सुमारें दोन फूट लांब व तितकीच रुंद जागा घ्यावी, यंत्र बंद असतांच गादी टेकवून द्रव्य पसरावें, आणि मग यंत्र सुरू करून हात सावकाश, अगदीं सावकाश चालवावा. शेतांत नांगराचें एक तास दुसऱ्यास लागून असतें, तशी प्रत्येक ओळ मागच्या ओळीवर निम्मी चढली पाहिजे. एकदां उभ्या ओळी, एकदां आडव्या, अशा तीन-चार फेऱ्या पुरतात. मधूनमधून हाताची पालथी बाजू लावून पत्रा तापला तर नाहीं, हें पाहावें. बंपर प्लास्टिकचे असतात. पत्र्याप्रमाणें ते उष्णता वाहून नेत नाहींत, म्हणून तेथें विशेष जपावें. प्रत्येक जागा झाली कीं गादी ब्रशानें झाडून स्वच्छ करावी. उगाळलेला लेप तिच्यांतच सांचलेला असतो. यंत्र विजेचें व पूड सूक्ष्म, तेव्हां डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास आच्छादन असावें, आणि शाळेंतील मुलांनीं वडील माणूस शेजारीं असल्याखेरीज यंत्र हातीं धरूं नये.

पॉलिश पुसल्यावर जो पृष्ठभाग दिसतो, त्यावर लगेच विश्वास ठेवूं नये. द्रव्यांतील तेल चरांत राहून चर बुजलेले असूं शकतात. म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलानें ती जागा पुसून काढावी, आणि मग दिवा धरावा. जें तेव्हां दिसतें तेंच खरें.

गाडी गॅरेजांत द्यावयाची असेल, तर पालकांनीं तीन गोष्टी विचाराव्या. काम कोणत्या यंत्रानें होणार? आधीं लहान जागेवर करून दाखविणार काय? रोगणाची जाडी मोजणार काय? जाडी मोजण्याचें एक लहानसें उपकरण असतें. पोलादी पत्र्यावर टेकवितांच चुंबकत्वाच्या योगानें तें सर्व थरांची एकूण जाडी दाखवितें. पारदर्शक लेपाची वेगळी दाखवूं शकत नाहीं. तरी एके ठिकाणीं ११०, आणि शेजारच्या दारावर ३०० असा आंकडा आला, तर तें दार पूर्वीं कधींतरी पुन्हां रंगविलेलें आहे, कदाचित् खालीं पुट्टीही आहे, हें कळतें. जुनी गाडी विकत घेणाऱ्यास ह्याचा भलताच उपयोग होतो, पण तो विषय निराळा.

झिलई आल्यावर तिच्यावर संरक्षक थर देण्याची चाल आहे. ब्राझील देशाच्या ईशान्य भागांतील एका ताडाच्या पानांवरून निघणारें कार्नोबा मेण त्यासाठीं प्रसिद्ध आहे. तें कांहीं आठवडे टिकतें. हल्लीं सिरॅमिक लेपाचा बोलबाला आहे. तो पुष्कळ अधिक टिकतो, त्यावरून पाणी मोत्यांसारखें घरंगळतें, व मळ कमी चिकटतो. परंतु त्यानें गाडीवर ओरखडे पडतच नाहींत, ही विक्रेत्यांची बढाई आहे. त्याची जाडी अत्यल्प, आणि वाळू ती वाळूच. शिवाय जाळें न काढतांच तो दिला, तर जाळें त्याखालीं जतन होऊन राहतें. जपानच्या निस्सान कंपनीनें २००५ सालीं असा एक लवचिक पारदर्शक लेप जाहीर केला कीं त्यावरील बारीक ओरखडे उबेनें आपोआप भरून येतात. कल्पना मोठी सुंदर आहे. सर्वसाधारण गाडीवर मात्र असा लेप असेल, असें गृहीत धरूं नये.

पुढें जाळें विणलें जाऊं नये म्हणून धुण्याची रीतच बदलावी लागते. एका बादलींत साबणाचें पाणी, दुसरींत नुसतें. फडकें गाडीवरून एकदां फिरलें कीं आधीं नुसत्या पाण्यांत खळबळावें, मगच साबणांत बुडवावें. टपापासून खालीं यावें. चाकांजवळचा चिखलाचा भाग सर्वांत शेवटीं, आणि त्यास फडकें निराळें. हात गोल न फिरवितां सरळ रेषेंत न्यावा. म्हणजे चुकून एखादा ओरखडा पडलाच, तर तो एकाच दिशेचा असल्यामुळें एकाच कोनांतून दिसेल. पाणी विहिरीचें किंवा बोअरचें जड असेल तर तें गाडीवर वाळूं देऊं नये, त्यांतील क्षारांचे पांढरे डाग राहतात. गाडी टिपून घ्यावी, चोळूं नये. टिपावयास जाड लवीचें मायक्रोफायबरचें फडकें उत्तम. घरांतील जुन्या बनियनची किंवा साडीची चिंधी कितीही मऊ वाटली तरी तिला लव नसल्यामुळें वाळूचा कण लपावयास जागा नसते, आणि तो थेट रोगणावर घासतो.

हीं फडकीं घरांतल्या इतर कपड्यांबरोबर धुवूं नयेत, कारण टॉवेलाचा कापूस त्यांस चिकटून बसतो. निराळीं धुवावीं, सावलींत वाळवावीं व झांकणाच्या डब्यांत ठेवावीं. काम करितांना फडकें हातांतून निसटून जमिनीवर पडलें, तर तें नुसतें झटकून पुन्हां गाडीस लावूं नये. चाकें पुसावयाच्या फडक्यांत टाकावें, आणि डब्यांतून दुसरें घ्यावें.